रावजींच्या वहीत न चढलेली दोन नावं

मी बद्रीनाथला जाऊन आलो, रामेश्वरला जाऊन आलो, आणि दोन्ही प्रवासांवर लिहून मोकळा झालो. लोकांनी ते वाचलं, दोघा-चौघांनी पत्रंही पाठवली. पण जो प्रवास मला आयुष्यभर पुरला, तो जालन्याहून जाफराबादपर्यंतचा, आठ दिवसांचा, बैलांच्या दमणीतला. तो मी सरळ कधी सांगितला नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. कुणी विषय काढलाच तर मी थंडीचं बोलायचो, हुरड्याचं बोलायचो, आणि मधलं हसनाबाद गाळून थेट भोकरदनला पोचायचो. इतकी वर्षं मी एक अख्खं गाव गाळत आलो. आता ऐंशी उलटली. त्या गावात माझ्यामुळे काय झालं, ते सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. म्हणून आज ते गाव गाळणार नाही.

जालना

साल त्रेपन्न, पौष महिना. आम्ही मारवाडी. आमच्या घराण्याला जालन्यात येऊन तेव्हा पाच पिढ्या झाल्या होत्या, माझी सहावी. मी शाळेत उर्दू शिकलो, गल्लीत मराठी आणि घरात मारवाडी. तरी आजी ‘आपलं गाव’ म्हणाली की ते जालना नसायचं. राजपुतान्यात वाळूत वसलेलं एक खेडं असायचं. ते मी पाहिलं नव्हतं, वडिलांनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. त्याला आम्ही ‘देस’ म्हणायचो. आणि जिथं जन्मलो, जिथलं पाणी प्यायलो, त्याला ‘दिसावर’, म्हणजे परमुलूख.

या देसाशी आम्हाला बांधून ठेवणारा माणूस म्हणजे आमचे भाट. त्यांना सगळे रावजी म्हणत. तीन-चार वर्षांतून एकदा, पावसाळा सरल्यावर, ते तिकडून येत आणि आमच्या समाजाच्या घराघरातून फिरत. त्यांच्याजवळ लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही असे. घरात जन्मलेला मुलगा, आलेली सून, गेलेला म्हातारा, सगळं त्या वहीत चढायचं. वहीत नाव चढलं की माणूस देसाचा. नाही चढलं तर इकडं तो केवढा का शेठ असेना, तिकडं त्याला कुणी दारात उभं करत नसे.

नाव चढवायची एक रीत होती. घरच्यानं नाव सांगायचं आणि दुसऱ्या चुलीच्या, पण आमच्यातल्याच एका माणसानं ‘बराबर’ म्हणायचं. याला साख देणं म्हणत. साखेशिवाय रावजींची लेखणी दौतीत बुडत नसे. आमच्या भागात साखेसाठी दरवेळी बाबूजी, म्हणजे माझे वडील, रावजींबरोबर फिरत. त्या वर्षी ते जिनिंगच्या ओट्यावरून घसरले आणि घोटा सुजला. म्हणून मला पाठवलं. मी बावीस वर्षांचा होतो.

निघताना बाबूजींनी मला आत बोलावलं. “सगळ्या घरी जा,” ते म्हणाले. “हसनाबादला नथूकडंही जावं लागेल, रावजी सोडणार नाहीत. पण तिथं तू तोंड उघडायचं नाहीस. त्याचं त्यानं केलंय, त्याचं तो निस्तरेल.”

नथमल माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला नथूभाऊ म्हणायचो. हसनाबादला त्याचं किराण्याचं दुकान होतं. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षात, धामधूम वाढली तेव्हा आमच्या लोकांनी बायकामुलं वऱ्हाडात हलवली. नथूभाऊ दुकानासाठी मागे राहिला आणि टायफॉइडनं पडला. त्याला शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या ओसरीवर आणून ठेवलं. त्या शेतकऱ्याची मुलगी कौसल्या. पुढचं मी सांगायला नको. घरच्यांच्या लेखी ते लग्न झालंच नव्हतं. ‘नथूनं बाई ठेवलीय’ असंच म्हणायचे.

लग्न झालं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण मी तिथं होतो. नथूभाऊला वऱ्हाडात घेऊन यायला मला धाडलं होतं आणि मी पोचलो तो त्याच्या हळदीच्या दिवशी. नवऱ्याकडचा म्हणून मी एकटा. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. परत निघताना मी त्याच्याकडून वचन घेतलं, की मी होतो हे तू कुणाला सांगायचं नाहीस. त्यानं हसून दिलं. घरी मी सांगितलं, की नथूभाऊ दुकान सोडायला तयार नाही, म्हणून तसाच परतलो. सतरा वर्षांचा होतो, बाबूजींना घाबरायचो. बावीसचा झालो तरी घाबरत होतोच.

राजूर

दमणी हाकायला रंगनाथ होता. चाळिशीचा, सडसडीत, तोंडाचा फार फटकळ. रावजी दमणीत चढले तोच त्यानं त्यांच्या पागोट्याकडं बघून विचारलं, “रावजी, हे किती हाताचं हाय? सोडलं तर राजूरपस्तोर पुरंल का?”

रावजी तीस वर्षं इकडं येत होते, मराठी त्यांना समजे. सत्तरीचा तो माणूस मिशीतल्या मिशीत हसला. “पुरेल. म्हारे देस में विहिरीला दोर कमी पडला, तर हेच सोडतात.”

“इतकी खोल हीर?”

“उंट ओढायला लावतात. पाणी वर येईतो माणूस दोनदा म्हातारा होतो.”

“मंग तुमचे लोकं इकडं कामून आले, ते आता कळ्ळं,” रंगनाथ म्हणाला आणि बैलांना चुचकारलं.

राजूरला टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि खाली आमच्यातल्या एका घरी उतरलो. मी पहिल्यांदाच साख देणार होतो. घरच्यांनी पाटावर वही ठेवली, बायकांनी तिला कुंकू लावलं, रावजींनी घराण्याची नावं चढ्या आवाजात वाचली. घरमालकानं दोन नातवांची नावं सांगितली. मी ‘बराबर’ म्हणालो. मग त्यानं हळूच वारलेल्या मुलाचं नाव सांगितलं आणि रावजींनी त्या जुन्या नावापुढं एक छोटी आडवी रेघ ओढली. बाप त्या रेघेकडं बघत बसला. मला वाटलं, मुलगा गेला तो गेल्या वर्षी, पण या घरातून तो आज गेला.

वही मिटली की जेवण. रावजींचा नेम होता: आधी वही, मग ताट. ज्या घरचं नाव चढलं नाही, त्या घरचं अन्न ते घेत नसत, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी दाल-बाटी होती. आमच्या बाट्या आता जोंधळ्याच्या मुलखाच्या झाल्या आहेत, सोबत मिरचीचा ठेचा असतो. रावजींनी ठेच्याला बोट लावलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, “पाच पिढ्यांत तुम्ही एवढंच कमावलंत.”

दुपारी रंगनाथाच्या सासऱ्याच्या शेतात हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरम हिरवे दाणे, बरोबर तिळाची चटणी. शेताला चूल नसते, तिथं शिवाशिव नाही, असं म्हणून रावजींनी दोन पसे खाल्ले. तिथंच बसून, दाढीत अडकलेला हुरडा झटकत, त्यांनी मला सांगितलं, “थारी बहन रो रिश्तो पक्को समझ. मुलाचा आजा मला विचारतो. तो माझ्या शब्दावर चालतो. चार पिढ्या बघतो, एक डाग चालत नाही त्याला.”

माझी धाकटी बहीण गोदावरी. तिचं देसात जमत होतं. बाबूजींनी हे मला निघताना सांगितलं नव्हतं. हुरड्याची चव माझ्या तोंडातून गेली.

हसनाबाद

हसनाबादच्या अलीकडं एका ओढ्यात दमणीचं चाक दगडात अडकलं आणि दमणी एका अंगावर कलली. रंगनाथ ओरडला, “रावजी, उतरा, जल्दी!” रावजी उतरले, गुडघाभर पाण्यात, पण वही डोक्यावर धरून. आम्ही दोघं चाकाला खांदा देत होतो आणि ते मधोमध उभे, जणू डोक्यावर देव घेतलेला. रंगनाथ कण्हत म्हणाला, “म्हाताऱ्याला बुडू द्या शेठ, पर वही वाचवा, न्हाई तं तुमचा आजा कोण व्हता, तेच सापडायचं न्हाई.” आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसाचं ते शेवटचं हसणं.

ओले कपडे अंगावर घेऊनच गावात शिरलो. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, रस्त्याच्या कडेला बोंडांची टरफलं पडली होती. नथूभाऊ दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं मला मिठी मारली. जालन्याच्या घरातल्या कुणी पाच वर्षांत त्याला शिवलं नव्हतं.

रावजी पाय धुवायला मागं गेले, तेव्हा त्यानं मला पोत्यांच्या आड नेलं. त्याच्या आईचं देसातून पत्र आलं होतं. माझी ती मोठी काकू, विधवा झाल्यावर देसात जाऊन राहिली होती. तिनं लिहून घेतलं होतं, ‘रावजींच्या वहीत सून आणि नातू चढले, तर मी दोघांना देवीपुढं उभं करीन. न चढले तर मला मुलगा नाही.’

“आज तू बोलशील ना?” त्यानं विचारलं. “मी वचन दिलंय, मी तुझं नाव घेणार नाही. तूच बोल. दुसरं कुणी नव्हतं तिथं आपल्यातलं.”

मी म्हणालो, “हो.” ते मी खरंच म्हणालो होतो आणि त्या क्षणी माझ्या मनातही तेच होतं.

मागच्या अंगणात कौसल्यावहिनी चुलीशी होत्या. नऊवारी लुगडं, पण पदर आमच्या बायकांसारखा नाकापर्यंत ओढलेला. त्यांच्या पाठीला चिकटून चार वर्षांचा किसन उभा होता. त्याचे केस खांद्याच्या खाली आलेले, तेल लावून दोन वेण्या घातलेल्या. आमच्याकडं मुलाचे जन्मकेस इथं कापत नाहीत. देसात कुलदेवीच्या पुढं नेऊन तिला वाहायचे असतात. नेईपर्यंत कात्री लावायची नाही. गावातली पोरं त्याला ‘किसनी’ म्हणून चिडवत, म्हणून तो फारसा बाहेर पडत नसे.

“माझा दादा दरसाल म्हंतो,” वहिनी सांगू लागल्या, “आण त्याला, मांडीवर घेतो, जावळ काढू. आमच्यात मामाच्या मांडीवर काढत्यात. मी म्हटलं, न्हाई. त्याच्या बापाच्या देवीचं हाय ते. दादा रुसून बसला.” मग त्यांनी विचारलं, “भाऊजी, ती देवी दिसती कशी वो?”

“मी पाहिली नाही वहिनी.”

“मंग आपण दोघं बी सारखेच की!” त्या हसल्या. चुलीवर आमच्याकडची, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती. ती त्या कुणाकडून शिकल्या, देव जाणे. फोडणीत मात्र काळा मसाला पडलेला, इकडचा. परातीत बाट्या तूप पिऊन तयार होत्या. पितळी ताटं चिंचेनं घासून लखलखीत केली होती, तीन, पाटांसमोर आधीच मांडलेली.

वही आली. पाटावर ठेवली. तिला कुंकू लावायला वहिनी पुढं झाल्या, तेव्हा रावजींनी हात आडवा धरला. “अजून नाही.” आवाज कठोर नव्हता. ते नेमानं वागत होते इतकंच. वहिनी दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. किसनच्या वेण्या दाराच्या फटीतून दिसत होत्या.

रावजींनी घराण्याची नावं वाचली. नथूभाऊच्या वडिलांपाशी येऊन थांबले आणि वर पाहिलं.

नथूभाऊ म्हणाला, “नथमल. त्याची बायको कौसल्या. मुलगा किसन.”

“फेरे हुए?”

“इथल्या रीतीनं लग्न लागलं. अग्नी होता, ब्राह्मण होता.”

“आपल्यातलं कोण होतं?”

नथूभाऊनं माझ्याकडं बघितलंही नाही. वचन त्यानं असं पाळलं की डोळेसुद्धा वहीवरून हलवले नाहीत.

रावजी माझ्याकडं वळले. “थे बोलो, मोहनजी.”

मी बहिणीचा विचार केला असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. गोदावरी मला त्या क्षणी आठवली हे खरं, पण आधी आठवले ते बाबूजी. सुजलेला पाय उशीवर ठेवून बसलेले आणि माझ्याकडं बघणारे. मी त्यांचं न ऐकलेला मुलगा होणार होतो. त्या एका भीतीपुढं मला समोरचं घर दिसेनासं झालं.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी तेव्हा वऱ्हाडात होतो.”

रावजींनी वही मिटायला घेतली. तेव्हा दाराआडून वहिनींचा आवाज आला. रागाचा नव्हता. एखाद्या पाहुण्याची चूक सावरून घ्यावी तसा होता.

“ऱ्हाऊ द्या. त्यायला याद नसंल. पाच सालं झाली.”

रावजींचे हात थांबले. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोलायला ती जागा होती. मी खाली मान घालून सतरंजीच्या दशा ओढत राहिलो. मग लाल कापडाची गाठ बसली आणि ते उठले.

ताटं तशीच राहिली. नथूभाऊ मला म्हणाला, “तू तरी जेवून जा.” मी रावजींना एकटं सोडता येणार नाही म्हणालो. बाहेर आलो तर किसन पायरीवर येऊन उभा होता आणि दुकानासमोरची दोन पोरं त्याला ‘किसनी, किसनी’ करत होती. त्यानं मला विचारलं, “झालं का? आता कापायचे का?”

भोकरदनच्या वाटेवर

कोसभर वाट सरली. मग रंगनाथानं मागं न बघता विचारलं, “शेठ, एक इचारू? तुमच्यात लगीन लागलं का न्हाई, हे नवऱ्या-बायकोला इचारत न्हाईत व्हय?”

“आमची रीत वेगळी आहे.”

“वेगळी म्हंजे? ती बाई कुकू लावून उभी हाय, पोरगं हाय. आमच्यात तिच्या हातचं पाणी पिऊन राह्यलं अख्खं गाव. अन् तुम्ही तिकडं हजार कोसांवर लिव्हणार, की ती न्हाईच.” तो थुंकला. “भारी वही हाय बुवा.”

मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो गप्प राहिला, आणि जाफराबाद येईपर्यंत माझ्याशी कामापुरतं सोडून एक शब्द बोलला नाही. भोकरदनला तीन घरं झाली. तीनही ठिकाणी मी ‘बराबर’ म्हणालो. तिथल्या एका घरच्या बाळाला तर मी पाहिलंही नव्हतं. नाव सांगितलं, मी म्हणालो, चढलं.

जाफराबाद

जाफराबाद पूर्णा आणि खेळणा या दोन नद्यांच्या संगमावर आहे. पौषात पाणी कमी असतं, खडक उघडे पडतात, बायका त्यांवर धुणं आपटतात. गावाची जुनी भिंत पडून तिच्या दगडांत गोठे बांधलेले. तिथं आमच्या मूळ घराची थोरली पाती राहते. त्यामुळं रावजींनी तिथं आमचं घराणं अगदी पहिल्यापासून वाचायचं, इतर घरी फक्त अलीकडच्या पिढ्या, असा प्रघात होता. ओसरीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. पापड भाजले जात होते, लहान मुलं अंगावर पडत होती. मी कंटाळून ऐकत होतो.

देसातून पहिल्यांदा निघालेल्या पूर्वजाचं नाव आलं. मग त्याच्या मुलाचं. आणि पुढं त्याच सुरात रावजींनी वाचलं, “तिण री बहू गंगा, दखण री, गाँव री बेटी.”

दखण री. म्हणजे इकडची. गावातल्याच कुणाची मुलगी.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी दचकलं नाही. पापड भाजणारी काकू पापडच भाजत होती. ते नाव त्यांनी दर तीन वर्षांनी ऐकलेलं होतं. त्या गंगेपासून बाबूजी होते, मी होतो. गोदावरीच्या चार पिढ्या मोजणारा तो आजा एक पिढी आणखी मोजता, तर तिच्याशी येऊन थांबला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी नदीवर वाळूनं लोटा घासत बसले होते. पाणी वाहत असताना ते वाळूनंच घासत. मी जाऊन शेजारी बसलो आणि त्या गंगेविषयी विचारलं.

“माझ्या आजाच्या बापाच्या हातचं अक्षर आहे ते,” ते म्हणाले. “कोणी तरी ‘बराबर’ म्हणालं, त्यांनी लिहिलं.”

“कोण म्हणालं?”

“साख देणाऱ्याचं नाव वहीत नसतं.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हळद, मांडव, वचन. ते लोटा घासत राहिले. शेवटी म्हणाले, “मला ठाऊक होतं. गेल्या खेपेलाच इथं कानावर आलं होतं. म्हणूनच त्या दारात गेलो, नाही तर गेलोच नसतो. पण लिखणो म्हारो काम, बोलणो थारो.”

“आता परत जाऊ. मी बोलतो. आजच निघू.”

त्यांनी मान हलवली. “एका घरी वही एकदा मिटली, की पुढल्या फेरीपर्यंत उघडत नाही. माझ्या बापानं उघडली नाही, मी उघडणार नाही. तीन साल थांब. मी आलो की पहिलं ते घर घेऊ.”

आणि गोदावरीच्या सोयरिकीचं काय, हे मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, “मुलीच्या चुलतभावाबद्दल मला कुणी विचारत नाही. तू बोलला असतास, तरी तिचं लग्न मोडलं नसतं.”

लोटा त्यांनी विसळला, भरला आणि उठून गेले.

पुन्हा हसनाबाद

रावजी पुन्हा आले नाहीत. त्यांचे डोळे गेले. त्यांच्या मुलानं तिकडं शाळेत नोकरी धरली आणि वह्या पेटीत घातल्या, असं देसातून येणाऱ्या कुणी तरी सांगितलं. मोठी काकू नातवाला न पाहता गेली. गोदावरीचं लग्न झालं, ती देसात गेली आणि तिथल्या विहिरीच्या दोराविषयी रावजी खरं बोलत होते असं तिनं पहिल्या पत्रात लिहिलं.

मी हसनाबादला जायचं ठरवत राहिलो. दरवर्षी काही तरी निघायचं. कधी सरकीचा हंगाम, कधी माझं लग्न, कधी बाबूजींचं आजारपण. बाबूजी अठ्ठावन्न साली गेले. त्यानंतर मला थांबवायला कुणी उरलं नव्हतं, तरी आणखी एक वर्ष मी काढलं.

एकोणसाठच्या हिवाळ्यात मोटारीनं गेलो. दमणीनं जिथं पोचायला दोन दिवस लागले होते, ते आता दीड तासावर आलं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य काय, दुसरं काय. नथूभाऊ भोकरदनच्या बाजाराला गेला होता. वहिनी घरी होत्या. फार वाळल्या होत्या, बोलताना मध्ये थांबून श्वास घेत. त्यांनी मला ओळखलं आणि पाट मांडला.

किसन शाळेतून आला. दहा वर्षांचा, डोकं बारीक कापलेलं. मला नमस्कार करून पाटी ठेवून खेळायला पळाला.

“त्याच सालात काढलं जावळ,” मी न विचारता वहिनी म्हणाल्या. “दादाच्या मांडीवर. पोरं लई चिडवायची वो. केस नदीत सोडले अन् इथूनच हात जोडले देवीला. तिला दिसत असंल ना इथलं?”

“दिसत असेल,” मी म्हणालो.

त्यांनी भाकरी टाकली, मेथीची भाजी, वर लसणाची चटणी. मी जेवलो. दर घासाला वाटायचं, हा संपला की बोलू. पुढचा घास घ्यायचो. त्या पाऊसपाण्याचं विचारत होत्या, माझ्या मुलांची नावं विचारत होत्या. मी नावं सांगितली. त्यांनी ती नीट लक्षात ठेवण्यासाठी पुन्हा म्हटली.

त्यानंतर दीडेक वर्षच त्या जगल्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. नथूभाऊनं दुकान विकलं आणि मुलाला घेऊन तो वहिनींच्या माहेरच्या माणसांबरोबर कुठं विदर्भाकडं गेला. पत्ता आमच्यातल्या कुणाकडंच नव्हता. आमच्यातल्या कुणी ठेवलाच नव्हता.

पण त्या दिवशी अजून सगळं हातात होतं. मोटारीची वेळ झाली. मी नको म्हणत असताना वहिनी मला सडकेपर्यंत पोचवायला आल्या, थांबत थांबत. मोटार आली, मी पायरीवर पाय ठेवला.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “काही बोलायचं व्हतं का? आल्यापासून बघून राह्यले मी. तुम्ही तोंड उघडता अन् मिटता.”

मागून लोक ढकलत होते. त्यांनी पदर थोडा वर घेतला होता, पहिल्यांदाच. मला त्यांचा चेहरा पुरता दिसत होता. त्या वाट बघत होत्या.

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो. “सहज आल्तो.”